हिवतापाचे जाळे : प्रस्तावना

स्वातंत्र्य मिळाले त्या काळात भारतात वर्षाला सुमारे ७.५ कोटी लोकांना हिवताप होत असे आणि ८ लाख माणसे त्याने दगावत. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये तो निर्मूलन कार्यक्रम झाला, घरोघरच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले आणि १९६५ च्या सुमारास देशभरातली रुग्णसंख्या लाखाच्या घरात उतरली. एवढे मोठे यश आपल्या सार्वजनिक आरोग्याने त्याआधी पाहिले नव्हते. पुढे १९७६ साली हीच संख्या ६४ लाखांच्या वर गेली.

डासांना डीडीटी सोसू लागले होते, फवारणीचा माल वेळेवर पोचत नव्हता, लक्ष आणि पैसा दुसरीकडे वळला होता. ही कारणे खरी आहेत आणि पाठ्यपुस्तकांत ती आढळतात. पण ज्या ठिणग्यांतून वणवा पुन्हा पेटला त्या कुठे राहिल्या होत्या, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही. फवारणीची पथके जिथे नीट पोचलीच नाहीत त्या रानांत, आणि ताप नसल्यामुळे ज्यांचे रक्त कोणी तपासले नाही अशा माणसांच्या अंगात परजीवी टिकून होता. कार्यक्रमाने रुग्ण मोजले. रुग्ण नसलेले वाहक मोजण्याची सोय त्यात नव्हती. या पुस्तकाचा विषय म्हणजे हा न मोजलेला उरलेला भाग, आणि तो ज्यांच्या आधाराने टिकतो ती सगळी माणसे, जनावरे, पाणी आणि हवामान.

रायपूरमध्ये बसून असे पुस्तक मराठीत लिहिण्याचे कारण भूगोलात आहे. छत्तीसगडचा दक्षिण भाग, म्हणजे बस्तर संभागाचे सात जिल्हे, आणि महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा हे एकच रान आहे. मधे इंद्रावती वाहते आणि नकाशावर राज्याची रेघ आहे. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा मोठा वाटा वर्षानुवर्षे गडचिरोलीतून येत राहिला आहे. शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेमुळे मराठी वाचकाला धानोरा, एटापल्ली, भामरागड ही नावे परिचयाची झाली. त्याच रानाची पूर्वेकडची बाजू मात्र मराठीत फारशी आलेली नाही.

रायपूरहून जगदलपूरला निघालेला माणूस हा विषय रस्त्यातच पाहू शकतो. धमतरीपर्यंत दोन्ही हातांना सपाट धानाची शेते, महानदीचे कालवे, गावागावांत तळी. कांकेर मागे पडले की केशकालचा घाट चढायचा. वर पोचल्यावर उतार, साल वृक्ष, झरे आणि दूरदूर विखुरलेले पाडे. घाटाखालचा हिवताप आणि घाटावरचा हिवताप यांचा परजीवी एक असला, तरी त्याला वाहून नेणारे हात वेगळे आहेत.

खाली मुख्य वाहक डास अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीस. तो धानाच्या बांधीत, नदीपात्रातल्या डबक्यांत, कालव्याच्या झिरपलेल्या पाण्यात अंडी घालतो. त्याला माणसापेक्षा गुरांचे रक्त अधिक आवडते आणि पोट भरल्यावर तो गोठ्यात विसावतो. घाटावर त्याच्या जोडीला अ‍ॅनोफिलीस फ्लुव्हिअ‍ॅटिलीस येतो. याला डोंगरपायथ्याचे संथ वाहणारे स्वच्छ पाणी लागते. गवताच्या काडीआड, जिथे प्रवाह मंदावतो, तिथे त्याच्या अळ्या सापडतात. अशा ओहोळाच्या काठावर पांढरा डाव पाण्यात अलगद तिरका बुडवून वर घेतला की काही क्षण गाळच दिसतो. मग गाळ खाली बसतो आणि पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या बारीक काड्या दिसू लागतात. क्युलेक्स डासाची अळी डोके खाली करून लटकते, अ‍ॅनोफिलीसची आडवी तरंगते. डावावर सावली पडली की सगळ्या एकदम तळाकडे झेपावतात, म्हणून मोजणारा सूर्याकडे तोंड करून उभा राहतो.

आता या दोन डासांचे वेळापत्रक जोडून पाहा. क्युलिसिफेसीसची संख्या पावसाळ्यात फुगते. फ्लुव्हिअ‍ॅटिलीसचे ओहोळ मुसळधार पावसात खळाळून वाहतात, अळ्या वाहून जातात, आणि त्याचे दिवस पाऊस सरल्यावर, पाणी निवळल्यावर, थंडीपर्यंत येतात. म्हणजे एकाचा हंगाम संपत येतो तेव्हा दुसऱ्याचा सुरू होतो आणि परजीवीला या हातातून त्या हातात जाता येते. शिवाय ‘क्युलिसिफेसीस’ हे एक नाव असले तरी त्याखाली दिसायला सारख्या अशा पाच भगिनी-जाती आहेत. सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे भेद उलगडले. त्यांतली एक जात हिवताप वाहून नेण्यात अगदी दुबळी आहे. तेव्हा गावात किती डास आहेत, एवढ्या माहितीवरून गावाला किती धोका आहे हे कळत नाही. एका जातीला औषध लागू पडून ती कमी झाली आणि दुसरी तशीच राहिली, तर आकडे सुधारतात, प्रसार मात्र चालू राहतो. परिस्थितिकीचा अभ्यासक जाळे म्हणतो ते हे. यात घटक किती, यापेक्षा कोणता घटक कोणाशी, कोणत्या महिन्यात जोडलेला आहे, याला महत्त्व असते.

या विचाराची सर्वांत जवळची ओळख मराठी वाचकाला माकडतापामुळे झाली आहे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर रानात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे आजारी पडली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, विषाणू वेगळा केला. पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तो परदेशातून आला असावा अशी शंका होती. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्षी-स्थलांतराचा जो मोठा अभ्यास त्या काळात उभा राहिला, त्याला या शंकेचेही एक निमित्त होते. पुढे होर्हे बोशेल यांनी वेगळी साखळी मांडली : जंगल तोडून धानशेती आली, शेताच्या कडेला गुरे चरू लागली, गुरांच्या रक्तावर गोचिडांची संख्या बेसुमार वाढली, आणि रानातल्या छोट्या प्राण्यांत फिरणारा विषाणू माकडांपर्यंत व माणसांपर्यंत पोचला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना तो गाठू लागला तेव्हा हीच साखळी एक पाऊल पुढे सरकली होती. माकड या साखळीत बळी आहे. त्याला मारून काही साधत नाही, हे तिथल्या गावांना समजावून सांगावे लागले.

हवामानाचा भाग थोडे गणित करून समजून घ्यावा लागतो आणि ते गणित मला फार मोलाचे वाटते. डास चावला आणि परजीवी त्याच्या पोटात गेला म्हणजे लगेच तो दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. परजीवीची वाढ होऊन तो डासाच्या लाळग्रंथीत पोचायला वेळ लागतो आणि हा वेळ तापमानावर ठरतो. हिवतापाच्या फाल्सिपेरम या परजीवीला २५ अंशांना सुमारे १२ दिवस लागतात, २० अंशांना सुमारे २८, आणि १६-१८ अंशांखाली वाढ जवळजवळ थांबते. समजा, रोज १०० डासांपैकी ९० जगतात. मग १२ दिवसांनी त्यांतले २८ उरतील, २८ दिवसांनी अवघे ५. तेच कोरड्या हवेने रोज ८० च जगले, तर १२ दिवसांनीही ७ च्या आसपास उरतील. तापमानात पाच अंशांचा फरक किंवा हवेतल्या दमटपणातला फरक रोगाच्या प्रसाराला किती पटींनी फिरवू शकतो ते इथे दिसते. जास्त उष्णता म्हणजे जास्त हिवताप, हे समीकरण मात्र खोटे आहे. मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा डासच टिकत नाही. एरिन मॉर्डेकाय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, की प्रसाराला सर्वांत अनुकूल तापमान पूर्वी धरले जात होते तसे ३१ अंश नसून २५ अंशांच्या आसपास आहे. तापमानवाढीने मैदानातले काही महिने सुरक्षित होतील आणि घाटावरचे थंडीचे महिने धोक्याचे ठरतील, अशी शक्यता त्यातून निघते. बस्तरच्या पठारावर तेच थंडीचे महिने फ्लुव्हिअ‍ॅटिलीसचे आहेत, हे विसरता येणार नाही.

पावसाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे आणि तिचा अभ्यास भारतातच सुरू झाला. रिकर्ड ख्रिस्टोफर्स यांनी १९११ मध्ये पंजाबातल्या हिवतापावर अहवाल लिहिला. १९०८ च्या भयंकर साथीमागे त्यांना दोन गोष्टी दिसल्या, अतिवृष्टी आणि धान्याची महागाई. पाऊस डास देतो आणि उपासमार माणसाला मारते. शंभर वर्षांपूर्वीच्या एका डॉक्टरने पर्जन्यमापकाच्या शेजारी बाजारभाव मांडून ठेवला, याबद्दल मला अतिशय आदर वाटतो. पुढे १९२० च्या दशकात क्लिफर्ड गिल पावसाच्या आकड्यांवरून पंजाबसाठी साथीचा आगाऊ अंदाज वर्तवू लागले.

हा धागा आपल्या काळात ज्यांनी पुन्हा उचलला त्यांत मर्सिडीज पास्क्वाल यांचे नाव आवर्जून घ्यावे लागेल. मिशिगन आणि शिकागो विद्यापीठांत काम केलेल्या या परिस्थितिकी-अभ्यासक. कोण कोणाला खातो याच्या अन्नजाळ्यांवर २००६ मध्ये त्यांनी जेनिफर डन यांच्यासह ग्रंथ संपादित केला. त्याआधी, २००० मध्ये, ढाक्यातल्या पटकीच्या १८ वर्षांच्या नोंदींत त्यांनी एल निन्योची पावले शोधली होती. मग दिल्लीच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेतले रमेश धीमान, मेनो बौमा आणि इतरांबरोबर त्या कच्छ आणि बारमेरच्या हिवतापाकडे वळल्या. त्यांच्यासमोर प्रश्न होता की साथ काही वर्षांनी उसळते ती पावसामुळे, की मागच्या साथीत लोकांच्या अंगी आलेली प्रतिकारशक्ती ओसरते म्हणून? रोगाला स्वतःची लय असते का, की तो फक्त आकाशाच्या तालावर नाचतो? कच्छसारख्या कोरड्या मुलखात उत्तर पावसाच्या बाजूने आले. २०१३ मध्ये तर दक्षिण अटलांटिकच्या उष्ण पट्ट्यातले समुद्राचे तापमान पाहून वायव्य भारतातल्या साथीचा काही महिने आधी अंदाज बांधता येतो, हे दाखवले गेले.

कच्छचे उत्तर बस्तरला जसेच्या तसे लागू होत नाही आणि हा फरक पुस्तकात मी पुन्हा पुन्हा अधोरेखित केला आहे. वाळवंटाच्या कडेला पाण्याचा तुटवडा असतो, म्हणून पडलेला प्रत्येक थेंब डासासाठी नवा पाणवठा उघडतो. जिथे १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस ठरलेलाच असतो, तिथे पाणी ही अडचण नसते. तिथे पाऊस कधी थांबला, सरी किती अंतराने आल्या, ओहोळ कधी निवळला, हे प्रश्न मोठे ठरतात. दुष्काळी वर्षात वाहता नाला तुटून डबक्यांची माळ उरली तर हिवताप वाढूही शकतो.

याच गटाचे गुजरातमधल्या सिंचनावरचे काम छत्तीसगडच्या मैदानाला अधिक जवळचे आहे. आंद्रेस बाएसा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले, की कोरड्या भागात कालवा आला की हिवताप वाढतो. जिथे सिंचन जुने आणि स्थिर झाले आहे तिथे तो कमी होतो, पण या दोन टप्प्यांमधला धोक्याचा काळ दहा वर्षांहून अधिक लांबू शकतो. आपल्याकडे मुरुमसिल्लीचे धरण १९२३ चे, गंगरेल त्यानंतर अर्ध्या शतकाने आले. जुन्या कालव्यांच्या गावांत डॉक्टर, रस्ता, पक्के घर आणि पैसा पाण्यामागोमाग पोचला. नव्या वितरिकांच्या शेवटच्या टोकाला पाणी आधी पोचते आणि बाकीचे सगळे मागून. नव्या पाटबंधाऱ्याच्या खर्चात आरोग्याची तरतूद किती वर्षांची धरावी, याचे उत्तर या अभ्यासात आहे आणि ते कोणी विचारात घेतल्याचे मला दिसत नाही.

माणसांचे येणे-जाणे हा जाळ्यातला सर्वांत लांब पोचणारा धागा. बेंगाल-नागपूर रेल्वे रायपुरातून गेली आणि रुळांबरोबर खड्डे, मजूर, तापही आला. याच कंपनीचे हिवतापतज्ज्ञ रोनाल्ड सीनियर-व्हाइट यांनी या मार्गावरच्या डासांचा जो बारकाईने अभ्यास केला तो आजही वाचण्यासारखा आहे. १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. पूर्व बंगालमधून उखडलेली कुटुंबे रायपूरजवळच्या माना छावणीतून बस्तर-कोरापुटच्या जंगलात वसवली गेली. इथल्या परजीवीला त्यांचे रक्त नवे आणि त्यांना हे रान नवे. आज हा धागा हंगामी मजुरीचा आहे. सुकमा-बिजापूरची माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि परततात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात बाया-पोरे मोह वेचायला बाहेर पडतात. कापणीच्या आधी राखणीसाठी लोक शेतातल्या मचाणावर झोपतात. मच्छरदाणी घरात टांगलेली असते आणि माणूस मचाणावर.

इथवरचे सगळे डोळ्यांना दिसते. जाळ्याचा जो भाग दिसत नाही तो माणसाच्या रक्तात आहे. फाल्सिपेरमच्या प्रत्येक परजीवीजवळ ‘व्हार’ नावाच्या सुमारे ६० जनुकांचा संच असतो. त्यांतले एकेक पुढे करून तो रोगप्रतिकारक यंत्रणेला चकवतो, एक ओळखले गेले की दुसरे. कॅरन डे यांच्या गटाने घानातल्या गावांमधून परजीवी गोळा केले तेव्हा अशा जनुकांचे हजारो प्रकार निघाले. पास्क्वाल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये या संचांमधल्या साम्याचे जाळे काढून पाहिले. संच एकमेकांशी फारच कमी जुळत होते, निव्वळ योगायोगाने जुळले असते त्याहूनही कमी. लोकांच्या रक्तातल्या प्रतिकारशक्तीनेच परजीवींना एकमेकांपासून वेगळे राहायला भाग पाडले होते. एका जंगलात वेगवेगळ्या जातींनी जागा वाटून घ्याव्यात तसे हे वाण माणसांच्या रक्तात वाटून राहतात. म्हणून त्या मुलखातले मोठे माणूस दहादा आजारी पडून पुढे आजारी पडेनासे होते, तरी अकराव्या वाणाला त्याच्या रक्तात जागा मिळते. ताप येत नाही, परजीवी राहतो, आणि संध्याकाळी चावलेला डास तो घेऊन जातो.

हे घानातले संशोधन बस्तरला किती लागू आहे याचा पडताळा ‘मलेरियामुक्त बस्तर’ अभियानाने दिला, असे मी मानतो. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या पहिल्या फेरीत पथके घरोघरी गेली, ताप असो-नसो प्रत्येकाचे रक्त तपासले. १४ लाखांवर लोकांची तपासणी झाली, ६४ हजारांवर बाधित निघाले, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना कोणतेही लक्षण नव्हते. यामागे २००२ पासून उभी राहिलेली मितानिन, म्हणजे गावातल्याच आरोग्य-कार्यकर्त्या बायांची फळी होती. देशात आशा कार्यकर्त्या येण्याआधी छत्तीसगडने ही वाट घालून दिली.

आश्रमशाळेच्या ओसरीत ही तपासणी चालू असते तेव्हा मुले रांगेतही एकमेकांना ढकलत, हसत असतात. मितानिन एकेकाचे बोट पुसते, टोचते, रक्ताचा थेंब आरडी किटच्या, म्हणजे झटपट निदानाच्या चाचणीच्या, खाचेत सोडते, मग द्रावणाचे थेंब टाकते आणि कडेला पेनाने नाव लिहून किट ओळीने फरशीवर मांडते. पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. मग एखाद्या किटवर नियंत्रण-रेघेच्या शेजारी दुसरी फिकी रेघ उमटते. नाव पुकारले जाते आणि अंगणात कबड्डी खेळणारा पोरगा धापा टाकत येतो. त्याला ताप नाही, भूक चांगली आहे, थंडी वाजलेली नाही. मितानिन त्याला आधी काहीतरी खायला लावते आणि पहिली गोळी आपल्या डोळ्यांसमोर घ्यायला सांगते. या पोराला दवाखान्यात जाण्याचे काहीच कारण नव्हते, म्हणून दवाखान्याच्या नोंदींत तो कधीच आला नसता.

पुढच्या फेऱ्यांत बाधितांचे प्रमाण झपाट्याने खाली आले आणि हे कष्टाचे, खरे यश आहे. त्याबरोबर नव्या अडचणीही येतात. किट ज्या प्रथिनाला ओळखते ते तयार करणारे जनुकच काही परजीवींनी गमावले आहे, आणि छत्तीसगडमधल्या नमुन्यांतही असे परजीवी सापडले आहेत. शिवाय फिकी रेघसुद्धा उमटणार नाही इतका विरळ परजीवी किटला दिसत नाही. रोग ओसरला की मुलांच्या अंगी प्रतिकारशक्ती तयार होत नाही. पाच-सात वर्षांनी परजीवी परतला तर त्याला आजच्यापेक्षा अधिक कोवळा समाज भेटेल. १९६५ नंतर देशात जे घडले त्याची ही जिल्ह्याएवढी आवृत्ती होऊ शकते.

रायपूर शहराविषयी स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थोडेच. शहराचा ताप प्रामुख्याने डेंग्यूचा. त्याचा डास बुढा तालाब किंवा तेलीबांधाच्या पाण्यात वाढत नाही. तो कूलरच्या टाकीत, गच्चीवरच्या ड्रममध्ये, बांधकामावरच्या हौदात वाढतो. तळी बुजवून डेंग्यू जाणार नाही, आणि तळ्यांबरोबर अळ्या खाणारे मासे व चतुर मात्र जातील. २०१८ मध्ये शेजारच्या दुर्ग-भिलाईत डेंग्यूची साथ पसरली होती. पास्क्वाल यांच्या गटाने २०२२ मध्ये अहमदाबाद आणि सुरतच्या शहरी हिवतापात हवेतल्या दमटपणाचा जो प्रभाव दाखवला, तशी तपासणी रायपूरच्या डेंग्यूसाठी व्हायला हवी. हवामान खात्याच्या दैनंदिन नोंदी उपलब्ध आहेत, राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेचे क्षेत्रकेंद्र इथे राहिले आहे, २०१२ पासून एम्स आहे. त्या नोंदी आणि रुग्णांचे आठवडावार आकडे एका तक्त्यात आणायचे तेवढे राहिले आहे.

प्रकरणांचा क्रम मी पाण्यापासून रक्तापर्यंत ठेवला आहे. ज्यांना समीकरणे नकोत त्यांनी रोनाल्ड रॉस यांच्या गणितावरचे प्रकरण ओलांडून जावे. एवढे मात्र लक्षात ठेवावे, की सगळे डास मारावे लागत नाहीत, माणशी डासांचे प्रमाण एका मर्यादेखाली ठेवले तरी हिवताप विझतो, हे रॉस यांनी शंभर वर्षांपूर्वीच मांडले होते.

शेवटच्या प्रकरणात एक मागणी आहे आणि पुस्तक ज्यांच्या हाती पडावे असे वाटते त्या छत्तीसगड व महाराष्ट्राच्या आरोग्य अधिकाऱ्यांना ती इथेच सांगून ठेवतो. ज्या गावांत सलग दोन वर्षे एकही रुग्ण नाही, त्या गावांतही मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत, डास सर्वांत कमी असताना, लक्षणे नसलेल्या लोकांचे रक्त तपासावे, आणि किटवर न थांबता नमुन्यांचा एक वाटा पीसीआरसाठी पाठवावा. त्या काळात परजीवीला राहायला माणसाखेरीज फारशी जागा नसते. मोह आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात माणसे गावाजवळच्या रानात भेटतात, मिरची तोडून परतणारेही याच सुमारास घरी पोचतात. इंद्रावतीच्या दोन्ही काठांवर ही तपासणी एकाच आठवड्यात व्हावी आणि तिचे आकडे बिजापूर व गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांच्या कार्यालयांनी एकमेकांना द्यावेत.